अकरा गावांचा डेटा कोणाच्या नावावर ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "ताई, २०२१ च्या पुरानंतर दाभोळ खाडीकाठच्या आमच्या अकरा गावांनी मिळून पाण्याची पातळी, पाऊस, विहिरी, साकव (ओढ्यावरचे छोटे पूल), दरडीच्या जागा अशा सगळ्या नोंदी आणि नकाशा केलाय. चार पावसाळ्यांचा डेटा आहे. आता एक कंपनी म्हणते सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या पैशातून, ॲप करून देतो, तालुक्याच्या ऑफिसातून सांगतायत आमच्याकडे द्या आम्ही सांभाळू, आणि गावच्या चाकरमान्यांचं मुंबई मंडळ म्हणतंय पैसे आम्ही देतो पण ट्रस्ट मुंबईत रजिस्टर करा. कोणाचं ऐकायचं, मालकी कोणाची, आणि दरवर्षीचा खर्च कसा भागवायचा?"

तिघांकडूनही घ्या, पण नावावर तिघांपैकी कोणाच्याच करू नका. का ते सांगते, जरा लांब होईल, पण अशी वेळ येण्याआधीच विचारलंत हे फार बरं केलंत, बहुतेक जण सही झाल्यावर विचारतात.

मी सोळा वर्षं कोकणात हीच कामं करतेय, गावांच्या नोंदी, नकाशे, वाचनालयांचं स्कॅनिंग. यातली बरीच कामं बंद पडलेली बघितली आणि डेटा चुकीचा निघाला म्हणून बंद पडलेलं त्यात एकही नाही. सगळ्यात लागलेलं सांगते. चार मच्छीमार गावांनी होडीवर जीपीएस घेऊन पाण्याखालच्या खडपांचा नकाशा केला होता, कुठे जाळं अडकतं, कुठे वाळूचा दांडा सरकलाय, तीन वर्षं खपून. एका संस्थेनं वेबसाईट करून दिली. डोमेन, म्हणजे वेबसाईटचा पत्ता, घेतलं होतं त्यांच्या एका कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या ईमेलवरून. तो नोकरी सोडून गेला, नूतनीकरणाचे मेल तो बघत नसलेल्या मेलबॉक्सात जात राहिले आणि एक दिवस त्या पत्त्यावर भलतीच जाहिरात उघडायला लागली. सर्वरचं भाडं थकलेलं, तोही बंद. कॉपी कोणाकडेच नाही. शेवटी राहिलं काय तर एका निवृत्त गुरुजींची दोनशे पानी वही, पेन्सिलने लिहिलेली, "देवळाचा कळस आणि माडाची जोडी एका रेषेत, तिथून आत, भरतीला तीन वाव" अशा ओळी. ती वही हातात घेऊन मी त्यांच्या पडवीत बसले होते आणि चार गावांची माणसं गप्प उभी होती. कोणाची लबाडी नव्हती हो त्यात. फक्त हे सांभाळायचं कोणी हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

माझं माहेर अलिबागकडचं, खारजमिनीचं. तिकडे समुद्राकडच्या बांधाला बाहेरकाठा म्हणतात. उधाणाच्या आदल्या दिवशी वडील फावडं घेऊन बांधावरून चालायचे, नजर खाली, खेकड्याचं बीळ शोधत. एवढंसं बीळ असतं, अंगठा जाईल इतकं, पण अमावस्येच्या भरतीला पाणी तिथून आत शिरायला लागलं की पहाटेपर्यंत खांड गेलेली असते, बांध फुटलेला असतो, आणि मग एकाचं नाही, आत ज्यांची ज्यांची शेती त्या सगळ्यांचं भात गेलं, आणि जमीन पुन्हा गोडी व्हायला वर्षं लागतात. बांधावर कोणी चालायचं, माती कोणी टाकायची, उघाडीची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराची, झडप कोणी बघायची हे ठरलेलं होतं तोवर बांध टिकले. नंतर सरकारी योजनेतून दुरुस्ती होणार म्हणून लोकांनी चालणं सोडलं, आणि तिकडून माणूस येईपर्यंत खांडी रुंदावत गेल्या. तुमच्या डेटाचं अगदी हेच आहे.

एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच अभ्यासासाठी, की सामायिक पाणी, जंगल, मासेमारी लोक कशी टिकवतात. त्यांचं म्हणणं साधं होतं: कोण आत कोण बाहेर हे स्पष्ट हवं, ज्यांच्यावर नियम लागणार त्यांचा नियम ठरवण्यात हात हवा, लक्ष ठेवणारा माणूस आपल्यातलाच हवा, चुकणाऱ्याला आधी छोटी समज मग मोठी, भांडण मिटवायची जागा जवळची आणि स्वस्त हवी, आणि सरकारनं तुमचा हा अधिकार मान्य केलेला हवा. मालवणकडे रापण, किनाऱ्यावरून मिळून ओढायचं मोठं जाळं, बघितली असेल तर यातलं बरंचसं डोळ्यासमोर येईल. जाळं सगळ्यांचं, दोर ओढणाऱ्याला वाटा, वाट्यावरून कुरबूर झाली तर तिथेच वाळूत बसून मिटते.

डेटाचा एक फरक मात्र लक्षात ठेवा. मासे काढले की कमी होतात, तुमचा नकाशा हजार जणांनी वापरला तरी कमी होत नाही. कमी होतो तो रोज सकाळी सात वाजता पातळीची पट्टी वाचणारा माणूस. त्याचा मुलगा दहावीला गेला, त्याची बायको आजारी पडली, की नोंद थांबली. हे फक्त गावात होतं असं नाही. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचा मोठा दोष सापडला, ओपन-एसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये. इंटरनेटवरचे पासवर्ड, कार्ड नंबर यांची सुरक्षा मोठ्या प्रमाणात त्याच्यावर होती, बड्या बड्या कंपन्या ते फुकट वापरत होत्या, आणि त्या प्रकल्पाला वर्षाला देणग्या मिळत होत्या सुमारे दोन हजार डॉलर, पूर्ण वेळ काम करणारा एकच माणूस. दोष बाहेर आल्यावर मग कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत एकत्र निधी काढला. जर्मन सरकारनं २०२२ पासून अशा पायाभूत सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी वेगळा फंडच सुरू केलाय. जगभर लोक हेच शिकलेत की उभारायला पैसे देणारे मिळतात, देखभालीला मिळत नाहीत, म्हणून देखभालीचं आधी ठरवायचं.

आता तुमचे तीन पाहुणे.

कंपनी. सीएसआरचा पैसा वाईट नाही, पण त्याचे नियम माहीत करून घ्या, कारण कंपनीचा माणूस ते सगळे सांगेलच असं नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के द्यावे लागतात, ते ठीक. पण चालू प्रकल्प म्हणून जो धरला जातो तो सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणजे चौथ्या-पाचव्या वर्षी पट्टी वाचणाऱ्याचं मानधन कोण देणार हा प्रश्न आहेच. दुसरं, जानेवारी २०२१ च्या बदलानंतर सीएसआरचा पैसा कोणत्याही संस्थेच्या कायम निधीत टाकता येत नाही, त्यामुळे "एकदाच मोठी रक्कम द्या, आम्ही एफडी करतो" हे त्यांच्याकडून होणार नाही, तिथे वेळ घालवू नका. तिसरं तुमच्या बाजूचं आहे: सीएसआरमधून उभी राहिलेली भांडवली मालमत्ता, म्हणजे सेन्सर, पर्जन्यमापक, सर्वरचं मशीन, कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही, ती नोंदणीकृत संस्थेकडे, लाभार्थ्यांच्या गटाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे जावी लागते. पण डेटा आणि सॉफ्टवेअर याबद्दल करारात वेगळं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर तिथेच घोटाळा होतो. ॲप कंपनीचं, आत डेटा तुमचा, आणि तो बाहेर काढायचं बटणच नाही, असं मी दोनदा बघितलंय. करारात चार गोष्टी: डेटा अकरा गावांचा, कोड मुक्त लायसन्सखाली, म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येईल असा, सगळ्या नोंदी साध्या सीएसव्ही फाईलमध्ये, म्हणजे एक्सेलमध्येही उघडणाऱ्या साध्या तक्त्यात, कधीही उतरवता येतील, आणि कोणीही करारातून बाहेर पडलं तरी नव्वद दिवसांत पूर्ण कॉपी आणि सगळे पासवर्ड हातात. यावर त्यांनी आढेवेढे घेतले तर ॲप नको म्हणा, तुमचं काम चार वर्षं एक्सेल आणि व्हॉट्सॲपवर चाललंय, आणखी चालेल. आणखी एक, संस्थेला सीएसआर घ्यायचं तर सीएसआर-१ नोंदणी लागते आणि तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणून नवी कोरी संस्था काढून उपयोग नाही.

तालुक्याचं ऑफिस. यांना दूर ठेवू नका, पण एकमेव कॉपी तिकडे देऊ नका. साहेब बदलतात, फाईल राहते, पण फाईल कोणाला आठवत नाही. आणि तरी सांगते, जे काम सरकारच करू शकतं ते सरकारकडूनच घ्यायचं. हैदराबादचं इन्कॉइस बघा, १९९९ पासूनची केंद्र सरकारची संस्था आहे, उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासळी कुठे मिळेल त्याचा अंदाज मच्छीमारांना फुकट देते, तोही आपल्या भाषेत. हे कुठल्या गावाला वर्गणीतून जमणारं नाही, अर्थसंकल्पातूनच चालतं. पण इन्कॉइसला तुमच्या साकवाखाली ओंडका अडकलाय हे कळणार नाही, ते गावातल्या एखाद्या बाळूलाच कळणार. तेव्हा तालुका-जिल्ह्याशी देवाणघेवाणीचा करार करा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे, जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, त्यांच्याशी बोला की आमच्या पट्ट्यांचे आकडे तुम्हाला रोज फुकट मिळतील, त्याबदल्यात वरून पाणी सोडण्याची वेळ आणि प्रमाण आम्हाला थेट कळवा. कोयनेच्या वीजघरांतून सुटणारं पाणी वाशिष्ठीत येतं, वाशिष्ठी तुमच्या खाडीला मिळते, आणि त्यात भरतीची वेळ जुळली की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला, त्या पुराच्या दिवशी, मी चिपळूणला फोन लावत होते, लागत नव्हते. म्हणून हेही लिहून ठेवा की नेटवर्क गेलं तर निरोप कोणी कोणाला कसा द्यायचा, आणि दर पावसाळ्याआधी नकाशाच्या छापील प्रती प्रत्येक वाडीत लावायच्या. डिजिटल साठा आहे म्हणून कागद सोडायचा नाही.

मुंबई मंडळ. त्यांचा जीव गावात आहे, अर्धी गावं त्यांच्या पैशावर उभी आहेत, त्यामुळे हे जपून बोलायचं. पण बाहेरकाठ्यावर चालणारा माणूस ज्या ठिकाणी राहतो तिथेच निर्णय व्हायला हवा. ट्रस्ट मुंबईत रजिस्टर झाला की सभा मुंबईत, सह्या मुंबईत, आणि जुलैमध्ये गेज, म्हणजे पातळीची पट्टी, वाहून गेला तर नवा बसवायला परवानगी दादर-परळवरून यायची. माझा सल्ला असा की नवीन काही काढूच नका. अकरापैकी एखाद्या गावात जुनं नोंदणीकृत वाचनालय किंवा मंडळ असेल, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेलं, हिशोब वेळच्या वेळी धर्मादाय आयुक्तांकडे जाणारं, विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज करणारं. अशा संस्थेला राखणदार करा. मालक नाही म्हणते मी, राखणदार. वाचनालय मला सगळ्यात आवडतं, कारण रजिस्टर ठेवायची आणि सगळ्यांना दार उघडं ठेवायची सवय त्यांना आधीपासून असते. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, इतकी वर्षं टिकणारी दुसरी कुठली व्यवस्था आपल्याकडे आहे सांगा. त्या संस्थेच्या घटनेखाली एक नोंद समिती: प्रत्येक गावाचा एक असे अकरा, मच्छीमार सोसायटीचा एक, मुंबईचे दोन, अकरात निम्म्या बायका, कारण विहिरीचं पाणी कधी मचूळ होतं ते बायकांनाच आधी कळतं. कंपनी आणि तालुका यांना सभेला खुर्ची, मत नाही. आणि अकराही ग्रामसभांचा ठराव, तारीख-सहीसकट.

आता समिती कशासाठी लागते ते सांगते, कारण लोकांना वाटतं नोंदी तर नोंदी, त्यात भांडण कसलं. एका गावात पुराची रेषा नकाशावर आली आणि एका गृहस्थांचा प्लॉट त्या रेषेच्या आत. प्लॉट विकायला काढलेला, गिऱ्हाईक पुण्याचं. ते म्हणाले रेषा काढा, त्या वर्षी गटार तुंबलं म्हणून पाणी आलं, नदीचं नव्हतं. नकाशा सांभाळणारा मुलगा त्यांच्याच भावकीतला. काय करणार तो? शेवटी नियम केला आणि तो अजून चालू आहे: नोंद कधी खोडायची नाही, हरकत असेल तर नोंदीशेजारी हरकत लिहायची, आणि दुसऱ्या तीन गावांचे तीन जण येऊन भिंतीवरची खूण बघून जाणार, त्यांचं म्हणणंही तिथेच. ते तिघे आले, गोठ्याच्या भिंतीवर गाळाची ओळ अजून दिसत होती, टेपने मोजली, जमिनीपासून तीन फूट चार इंच. रेषा राहिली. त्या गृहस्थांना राग आला, पण मुलगा वाचला कारण निर्णय त्याचा नव्हता. कोकणात जमिनीला जो भाव आलाय तो बघता हे तुमच्याकडे होणारच आहे, त्याआधी नियम लिहा.

सगळंच खुलं करायचं का, हेही विचारायला हवं होतंत, तुम्ही विचारलं नाही पण सांगते. तीन ढीग करा. रस्ते, साकव, शाळा, निवाऱ्याच्या जागा, पुराच्या खुणा, पाऊस, पातळी हा खुला ढीग. यातला नकाशाचा भाग सरळ ओपन स्ट्रीट मॅपवर चढवा, २००४ पासून चाललेला जगभरचा सामायिक नकाशा आहे, तुमची वेबसाईट बुडाली तरी साकव तिथे राहील. त्याचं लायसन्स २०१२ पासून ओडीबीएल आहे, म्हणजे कोणीही वापरा, धंद्यालाही वापरा, पण श्रेय द्या आणि त्यात भर घालून नवा साठा लोकांसमोर मांडलात तर तोही तसाच खुला ठेवा. तुमच्या पातळीच्या नोंदींनाही मी हेच लायसन्स सुचवेन, दोर ओढणाऱ्याला वाटा मिळतो आणि जाळं पळवून नेता येत नाही. दुसरा ढीग गावापुरता: कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कोणाचे फोन नंबर, कोण एकटी राहते. पुराच्या रात्री हे सोन्यासारखं, पण बाहेर गेलं तर घातक. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे, संमती घ्या, प्रत्येक गावाचा हा ढीग त्या गावातल्या दोन माणसांकडेच ठेवा. तिसरा ढीग जाहीर करायचाच नाही: देवराईतल्या औषधी झाडांच्या जागा, मच्छीमारांची ठरलेली ठिकाणं, आणि कातळशिल्पं जी अजून राखण नसलेली आहेत. झाडपाल्याच्या माहितीसाठी २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीची समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते, ती तिथे जाऊ दे.

पैशाचं. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून मी असा हिशोब धरला: दोन नोंद सांभाळणारे, महिना चार चार हजार, वर्षाचे ९६ हजार. डोमेन-सर्वर १५ हजार. पट्ट्या रंगवणं, बॅटऱ्या, दुरुस्ती ३० हजार. छपाई आणि सभा २० हजार. ऑडिट १० हजार. झाले १ लाख ७१ हजार, गावामागे साडेपंधरा हजार. एवढाच आकडा आहे, कोटीचं ॲप ऐकून घाबरू नका. यात माझा एक हट्ट असतो की कोणा एकाचा वाटा एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, म्हणजे कोणी रुसलं तरी पट्टी वाचली जाईल. ग्रामपंचायतींनी स्वनिधीतून पाच पाच हजार, ५५ हजार झाले. मुंबई मंडळांकडून तेवढेच. कंपनीकडून तेवढे, पण ते तीन वर्षांपुरते धरा आणि त्यांच्याकडून मुख्यतः एकदाच्या गोष्टी घ्या, गेज, पर्जन्यमापक, पोरांचं ट्रेनिंग. उरलेले सहा हजार सोसायटी आणि वाचनालयाकडून सहज निघतील. मुंबईच्या मंडळींना कायम निधीसाठी विचारा, ते काम त्यांनाच जमेल. विकिपीडियाच्या संस्थेनं २०१६ मध्ये असाच कायम निधी सुरू केला आणि २०२१ पर्यंत १० कोटी डॉलर जमवले, एरवीचा खर्च त्यांचा लाखो लोकांच्या छोट्या देणग्यांवर चालतो. तुम्हाला दहा लाख जमले तरी व्याजातून एका सांभाळणाऱ्याचं मानधन सुटेल. फक्त करसवलतीच्या भरवशावर मागू नका, नव्या कररचनेत ती मिळत नाही, आणि आपली माणसं तशीही गावासाठी देतात ती पावती बघून नाही देत. हिशोब मात्र गणपतीत वाचा, सगळे घरी असतात तेव्हा, देवळात, मोठ्यानं, पट्टी किती दिवस वाचली गेली नाही तेही सांगून. आणि मे महिन्यात चाकरमानी आले की कॉपीची तपासणी, भलत्याच लॅपटॉपवर फाईल उघडून बघायची, उघडते का, आकडे जुळतात का.

मानधनावरून कोणी म्हणेल समाजकार्याला पैसे कशाला. त्याला सांगा की सकाळी सातला पाऊस असो नसो चिखलातून उतरून पट्टी वाचायची, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. तुमच्याकडे हे काम चार वर्षं एकाच बाईनं केलंय असं तुम्ही लिहिलंत, फुकट. त्यांचं मानधन कंपनीशी पहिली बैठक व्हायच्या आधी सुरू करा, दोन हजारांनी का होईना, आणि त्यांना समितीत घ्या.

कराराचा मसुदा आला की सही करायच्या आधी मला पाठवा, वाचून देईन. आणि आज रात्रीच एक बघा: सध्याचं डोमेन कोणाच्या ईमेलवर आहे, ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो आणि मुदत कोणत्या तारखेला संपते. या तीन गोष्टी कागदावर लिहा, एक प्रत वाचनालयाच्या कपाटात, एक पट्टी वाचणाऱ्या ताईंच्या घरी.